जाडाला वर, बारकाला खाली

एका गावात एक भोळा वेल्डर होता, असं म्हटलं की बोरखिंडीची माणसं मध्येच अडवतात. म्हणतात, भोळा होता हे कबूल, पण वेल्डर होता हे तुम्हाला कोणी सांगितलं?

त्यानं स्वतःच सांगितलं होतं. दुकानावर तशी पाटीच लावली होती, 'म्हाळसाकांत वेल्डिंग वर्क्स'. गाव त्याला म्हाळू म्हणायचं.

म्हाळूचा स्वभाव असा, की सांगितलेलं काम तो सांगितल्याप्रमाणे करी. अगदी सांगितल्याप्रमाणेच. लहानपणी बाप म्हणाला, म्हशीला पाणी दाखवून आण. म्हाळूनं म्हैस विहिरीवर नेली, काठावर उभी केली, पाणी दाखवलं आणि परत आणली. संध्याकाळी म्हैस तहानेनं ओरडायला लागली तेव्हा बापानं विचारलं, "पाणी दाखवलंस ना रं?"

"दाखवलं की. दोन्ही डोळ्यांनी बघितलंय तिनं."

असा हा म्हाळू मोठा झाला, त्याचं लग्न झालं, आणि पंक्चर काढता काढता एक दिवस त्याला वेल्डिंगची हौस आली. तालुक्याला शब्बीर उस्तादाच्या वर्कशॉपात त्यानं मिगचं, म्हणजे तारेवर चालणारं वेल्डिंगचं मशीन बघितलं. काडी बदलायची कटकट नाही. हातात पिस्तुलासारखी गन धरायची, घोडा दाबायचा, की तार आपोआप बाहेर येते आणि लोखंडाला लोखंड चिकटतं. उस्तादानं नुकतंच नवं मशीन घेतलं होतं. जुनं काढायचंच होतं. ते त्यानं म्हाळूच्या गळ्यात मारलं.

मशीन जुनं म्हणजे चांगलंच जुनं. रंग उडालेला, एक चाक लंगडं, आणि बटणांभोवतीचे आकडे उस्तादाच्या अंगठ्यानं घासून घासून पुसून गेलेले.

"उस्ताद, पॉवर किती ठेवायची ते कसं कळणार?" म्हाळूनं विचारलं.

उस्तादाचा चहा निवत होता. "सोपं आहे रे. हे बटण पॉवरचं, हे तारेचं. जाड आलं की वर घ्यायचं, बारीक आलं की खाली घ्यायचं. पॉवर वाढवलीस की तारही वाढव. बास."

"जाड आलं की वर, बारीक आलं की खाली. आलं ध्यानात, उस्ताद."

आणि खरंच त्यानं ध्यानात ठेवलं. टेम्पोत मशीनशेजारी बसून तो गाव येईपर्यंत तेच म्हणत राहिला.

पहिलं गिऱ्हाईक अनसूयाकाकू. काकूंचा देह असा, की दारातून आत यायला त्यांना जरा तिरकं व्हावं लागे. त्यांच्या हातात पिठाचा पत्र्याचा डबा होता. डब्याची कड उसवली होती.

म्हाळूनं काकूंना खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. डब्याकडे बघायची गरजच नव्हती. जाड आलं होतं. त्यानं पॉवरचं बटण फिरवलं ते पार शेवटपर्यंत, आणि तारेचंही त्याच्या बरोबरीनं.

फाट् असा आवाज झाला आणि डब्याला भोक पडलं. ते बुजवायला गेला, शेजारी दुसरं पडलं. ती दोन्ही बुजवायला गेला, तर डब्याच्या मागच्या बाजूनंही उजेड दिसायला लागला. म्हाळू कष्टाळू होता. त्यानं मधे सोडून दिलं नाही.

काकूंनी डबा उन्हाला धरला. "म्हाळू, मी पीठ ठेवायला दिला होता रे. चाळायला नव्हता दिला."

"काकू, पॉवर अगदी तुमच्या मापाची लावली होती," म्हाळू म्हणाला. काकूंना ते कळलं नाही हे म्हाळूचं नशीब.

दुसरं गिऱ्हाईक दामू पैलवान. पैलवान आजोबा होते. दामूकडे फक्त नाव आलं होतं. अंगानं तो उदबत्तीसारखा होता. त्यानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक आणला होता. चांगला मनगटाएवढ्या जाडीचा, तडकलेला हूक.

म्हाळूनं दामूला बघितलं आणि पॉवर पार खाली घेतली. तार हळूहळू आली, हुकावर छान बसली. जिलबीची एक सुबक ओळ काढावी तशी. आत मात्र कशालाच धरलं नव्हतं. दामू खूश झाला. म्हाळू त्याहून खूश झाला.

दुपारी दामू ऊस भरून निघाला. खिंडीच्या चढावर ट्रॅक्टर पुढे गेला आणि ट्रॉली मागे राहिली. मग तिच्याही मनात आलं, आपणही जावं. ती उलट्या दिशेनं उतारावरून गावात आली आणि सरपंच संपतरावांच्या उकिरड्यात शिरून थांबली. कोणाला लागलं नाही. फक्त उकिरडा होता त्याच्या दुप्पट जागेत पसरला, आणि त्यात सरपंचांचा ओटाही आला.

म्हाळूनं उस्तादाला फोन लावला. सगळं सांगितलं. 

"अरे वेड्या," उस्ताद म्हणाला, "जाड म्हणजे लोखंड जाड! माणसाकडे बघू नकोस, मालाकडे बघ!"

"माणसाकडे बघायचं नाही. मालाकडे बघायचं. आलं ध्यानात, उस्ताद."

आणि खरंच त्यानं ध्यानात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पोस्टमन वसंतराव सायकलचा तुटलेला कॅरियर जोडायला ठेवून गेले. म्हाळूनं त्यांच्याकडे बघितलं नाही. पत्र्याकडे बघितलं, पॉवर बेतानं लावली, आणि कॅरियर खरोखर बरा जोडला. थोड्या वेळानं दारात कोणीतरी उभं राहिलं.

"झाली का सायकल?"

"झाली," म्हाळू सायकलकडे बघत म्हणाला.

"नेऊ का मग?"

"न्या की."

म्हाळूनं सायकल रस्त्यापर्यंत धरून दिली. घंटी वाजवून दाखवली. चढ होता म्हणून मागून थोडं ढकललंही. मग वसंतराव आले.

"मघाशी तुम्हीच नेली ना?" म्हाळू त्यांच्या चपलांकडे बघत म्हणाला. वसंतरावांना पुढे कित्येक दिवस टपाल पायी वाटावं लागलं, आणि दर दिवशी म्हाळूच्या दुकानासमोरून जाताना ते थांबून काहीतरी बोलत. म्हाळूनं त्यांच्याकडे बघितलं नाही.

पुन्हा फोन.

"अरे गाढवा," उस्ताद म्हणाला, "माल परत देताना माणूस नको का ओळखायला? नाव विचार, गाव विचार, ओळखीचं कोण आहे ते विचार. खात्री पटल्याशिवाय वस्तू सोडायची नाही, मग तो कोणी का असेना!"

"कोणी का असेना. आलं ध्यानात, उस्ताद."

संध्याकाळी त्याची बायको वैजंता दुकानात आली. दुपारी ठेवून गेलेला जेवणाचा डबा न्यायचा होता. तिनं हात पुढे केला. म्हाळूनं डबा छातीशी धरला.

"नाव?"

वैजंतानं मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. "अवो, बरं वाटंना का तुम्हाला?"

"नाव सांगा बाई. खात्री पटल्याशिवाय वस्तू मिळणार नाही."

"वैजंता."

"गाव?"

"हेच की. बोरखिंड."

"गावात ओळखीचं कोण?"

"माझा नवरा!"

"त्याला घेऊन या."

वैजंता तडक घरी गेली. दिवेलागणीला म्हाळू घरी आला तर दाराला आतून कडी. त्यानं हाक मारली. आतून आवाज आला, "नाव?"

म्हाळूनं सांगितलं.

"गाव?"

तेही सांगितलं.

"ओळखीचं कोण?"

इथं म्हाळू अडकला. बायकोचं नाव घ्यावं, तर तिची स्वतःचीच ओळख अजून पटलेली नव्हती. तो ओट्यावर झोपला. बायकोला आता धंद्याची रीत समजायला लागली, याचं त्याला बरं वाटलं.

एवढं झालं तरी पॉवरचं कोडं सुटलंच नव्हतं. कधी भोक पडे, कधी जोड हातात येई. म्हाळूनं उस्तादाला विचारलं, "आकडे तर पुसलेत. मग बरोबर पॉवर लागली हे कळायचं कसं?"

"कानानं," उस्ताद म्हणाला. "गरम तेलात भजी सोडल्यावर कसा चर्रर्र आवाज येतो, तसा आवाज आला की समज, बरोबर लागली. मग बटणाला हात लावायचा नाही."

"भज्याचा आवाज आला की हात लावायचा नाही. आलं ध्यानात, उस्ताद."

दुकानाला लागूनच रघूचा भज्यांचा गाडा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळूनं मशीनशेजारी उभं राहून कान दिला. रघूनं पहिला घाणा सोडला. चर्रर्र. म्हाळूला उस्तादाचं कौतुक वाटलं. मशीन चालूसुद्धा केलेलं नव्हतं आणि पॉवर बरोबर लागली होती.

त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. रघूची कढई दिवसभर उतरली नाही. म्हाळूनंही दिवसभर बटणाला हात लावला नाही. एसटी थांब्यावरचा लोखंडी बाक त्यानं त्या आवाजावर जोडला.

या बाकावर गावचे तीन जाणते रोज बसत. कोणाची सून कशी, कोणाचा पोरगा कुठे चुकला, गावाचं काय करायला हवं, हे सगळं ते बसून ठरवत. उभं राहून काही केल्याचं कोणाला आठवत नाही. ते त्या दिवशी बसले आणि म्हाळूचं शिक्षण कुठे चुकलं यावर बोलू लागले. तिघांचं एकमत होतंय तोवर बाक खाली आला. गावाला ते तिघं पहिल्यांदाच एकदम उठलेले दिसले.

पुन्हा फोन.

"अरे, आवाज मशीनचा ऐकायचा, भज्यांचा नाही!" उस्ताद ओरडला. "आणि काम झाल्यावर तपासत नाहीस का? हातोडा मारून बघायचं, खेचून बघायचं. हललं नाही तर पक्कं!"

"हातोडा मारून बघायचं. आलं ध्यानात, उस्ताद."

नाथा हलवायाचं मिठाईचं कपाट आलं. लोखंडी चौकट, तिन्ही बाजूंना काचा, आत पेढ्यांची ताटं. नाथा म्हणाला, एका कोपऱ्याचा जोड सुटलाय, तेवढाच टाका मारून दे, काचा काढत बसू नकोस. म्हाळूनं मालाकडे बघितलं, मशीनचा आवाज ऐकला, आणि टाका असा मारला की उस्तादानंही मान डोलावली असती.

मग त्यानं हातोडा घेतला.

"अरे, अरे, अरे," एवढंच नाथा म्हणू शकला.

म्हाळूनं वाकून बघितलं. काचा गेल्या होत्या. पेढे काचांत मिसळले होते. जोड हलला नव्हता. "पक्कं," म्हाळू म्हणाला.

आता मात्र वैजंतानं फोन घेतला. "शब्बीरभाई," ती म्हणाली, "तुम्ही तिकडं बसून फोनवर शिकवता आणि इकडं गाव मोडतं. मशीन विकलंत तसं शिकवायलाही या. नाहीतर मी मशीन घेऊन येते, आणि मशीनसोबत ह्यांनाही तिथंच सोडते."

उस्ताद दुसऱ्याच दिवशी आला. मशीनची त्याला भीती नव्हती.

त्यानं म्हाळूला भंगाराच्या ढिगाजवळ बसवलं. पत्र्याचा तुकडा घेतला, पॉवर खाली घेतली. जाड पट्टी घेतली, पॉवर वर घेतली. तार जास्त, तार कमी. "आता ऐक. तडतड करतंय ना? तार जास्त झाली. कमी कर. आता ऐक. चर्रर्र. कळलं?" बटणाभोवती त्यानं लाल रंगानं नवे ठिपके दिले. हातोडा फक्त लोखंडाला, हे म्हाळूकडून वदवून घेतलं. संध्याकाळपर्यंत म्हाळूच्या हातून असे जोड निघू लागले की उस्ताद तुकडे उलटेपालटे करून बघत राहिला. म्हाळूला पॉवर कळली होती. अगदी खरी कळली होती.

उस्तादाला भरून आलं. जाताना तो म्हणाला, "आता हात तयार झाला. आता एकच सांगतो. स्वतःचं डोकं लावायचं नाही. गिऱ्हाईक काय सांगतं ते नीट ऐकायचं, आणि ते सांगेल तसंच करायचं."

"ते सांगेल तसंच. आलं ध्यानात, उस्ताद."

थोड्याच दिवसांत सरपंच संपतराव स्वतः दुकानात आले. ग्रामपंचायतीचं नवं कार्यालय बांधून झालं होतं. ठेका सरपंचांच्या भाच्याला होता. भाच्यानं कुंपणाची भिंत पुरुषभर उंच बांधली, वर काचा लावल्या, जाडजूड लोखंडी फाटक बसवलं, आणि फाटकाला कडी लावायचं विसरला. फाटक वाऱ्यानं उघडे. शेळ्या आत जाऊन कोनशिलेवरची फुलं खाऊन येत.

"उद्या आमदारसाहेब उद्घाटनाला येणार," सरपंच म्हणाले. "मागच्या खेपेला बाया रिकाम्या घागरी घेऊन सभेत घुसल्या होत्या, नळाला पाणी नाही म्हणून. उद्या तसं नको. पाहुणे आत आले, की फाटक पक्कं बंद झालं पाहिजे. कुठूनही एक माणूस आत-बाहेर होता कामा नये."

"पक्कं म्हणजे किती पक्कं, सरपंच?"

"हत्ती लावला तरी हलता कामा नये."

"पाहुणे आत आल्यावर?"

"आत आल्यावरच! आधी बंद केलंस तर ते येतील कुठून?"

म्हाळूला ते एकदम पटलं. मोठी माणसं किती पुढचा विचार करतात, असं त्याला वाटलं. "आलं ध्यानात, सरपंच."

दुसऱ्या दिवशी म्हाळू पहाटेच मशीन घेऊन हजर. मांडववाल्याच्या जनरेटरवरून त्यानं वायर घेतली. ऊन वर आल्यावर गाड्या आल्या. आमदारसाहेब आत गेले, त्यांचे पीए गेले, सरपंच, भाचा, झाडून सगळे सदस्य आत गेले. हार झाले, फीत कापली, भाषणं सुरू झाली.

म्हाळूनं फाटक ओढून घेतलं. लोखंडाकडे बघितलं. जाड होतं. पॉवर वरच्या ठिपक्यावर घेतली, तार तिच्या बरोबरीनं वाढवली. रघूचा गाडा गर्दी बघून तिथंही आला होता. त्याला कढई उतरवायला लावली. अर्थिंगचा चिमटा लावला, डोक्यावरची वेल्डिंगची काळी काच खाली ओढली, आणि घोडा दाबला.

चर्रर्र.

फाटकाच्या दोन्ही झडपा जिथं भेटत होत्या तिथं त्यानं वरपासून खालपर्यंत एकसलग जोड घेतला. ठिणग्यांचं झाड फुललं. आतल्या पाहुण्यांना वाटलं, आपल्या स्वागताची आतषबाजी आहे. आमदारसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. ते बघून सरपंचांनी वाजवल्या. सरपंचांचं बघून भाच्यानं उभं राहून वाजवल्या.

मग म्हाळूनं हातोडा मारून बघितला. फाटक देवळातल्या घंटेसारखं घुमलं. दामू पैलवानाला बोलावून खेचायला लावलं. दामू हलला, फाटक हललं नाही. म्हाळूनं काच वर केली आणि जोडाकडे बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून निर्दोष काम झालं होतं. 

आभार मानून झाले. आमदारसाहेबांना पुढच्या गावाला जायचं होतं. सरपंच लगबगीनं फाटकाशी आले. ढकललं. ओढलं. पुन्हा ढकललं.

"म्हाळू, उघड."

"काय?"

"फाटक!"

"सरपंच, हे आता फाटक राहिलं नाही," म्हाळू अभिमानानं म्हणाला. "भिंत झाली."

"अरे, मी कडी लाव म्हणत होतो!"

"कडीचं नाव नव्हतं घेतलं तुम्ही. हत्तीचं घेतलं होतं."

"मग तोड आता ते!"

"हे जोडायचं मशीन आहे, सरपंच. तोडायचं बटण ह्याला नाही."

तोवर बाया आल्या होत्या. रिकाम्या घागरी घेऊन. आत जायचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्या फाटकाच्या गजांना टेकून आरामात बसल्या. अनसूयाकाकू सगळ्यांच्या पुढे.

"साहेब," काकू म्हणाल्या, "एरवी तुमी घाईत असता. आज जरा येळ हाय, तर इचारू का? नळ बसवून दोन उन्हाळे झाले. त्यातनं पाणी कधी येणार?"

आमदारसाहेबांनी सरपंचांकडे बघितलं. सरपंचांनी भाच्याकडे बघितलं. भाचा खुर्च्यांच्या मागे बसून बूट बांधत होता. त्याच्या पायात चपला होत्या.

मग एकेक जण बोलायला लागला. रस्ता, दिवाबत्ती, शाळेचं गळकं छप्पर. आमदारसाहेब हार घालून गजांआड उभे होते आणि ऐकत होते. जायला जागाच नसल्यामुळे त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. बोरखिंडीत असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तालुक्याहून गॅस कटरवाला बोलवावा असं कोणी म्हणेना. रघूनं कढई परत चढवली. वैजंता गर्दीत तोंडाला पदर लावून हसत होती, आणि एका शेजारणीनं विचारलं तेव्हा पहिल्यांदाच म्हणाली, "व्हय, माझा नवरा हाय तो."

ऊन डोक्यावर आलं तसे पीए आमदारसाहेबांच्या कानाशी लागले. आमदारसाहेबांचा चेहरा उजळला. ते वळले आणि हार सावरत कार्यालयाच्या मागच्या बाजूला पळाले. मागोमाग पीए, सरपंच, सदस्य, आणि त्यांच्यातही सगळ्यांत पुढे भाचा.

म्हाळूला त्यांची काळजी वाटली. त्यानं तोंडाशी हात धरून हाक मारली.

"साहेब, पळू नका, ठेच लागंल! मागचं दार मी पहाटेच पक्कं केलंय!"